उणे दोन मिलिमीटर

डोंगरवार सरांनी टेबलावर काड्यापेटी ठेवली.
म्हणाले, एवढ्यात बसव.
तलावाची पातळी कळवणारी लांब लहर,
टॉवरकडे जाणारी मधली,
आणि जवळच्या मोबाईलशी कुजबुजणारी आखूड.
तिघींना मिळून अँटेना एकच.

लांब लहरीचा पाव हिस्सा साडेआठ सेंटीमीटर.
काड्यापेटी पाच.
हिशेब वहीत मांडला
आणि साकोलीहून शेवटची एसटी धरली.

घरी बाबा छपरीत जाळं विणत होते,
वर बारीक डोळे, खाली ढोबळ.
"हे बोटरीले, हे मरळीले.
सूत तं लांबच लागते बाई,
मावते कशात ते वळवणाऱ्याच्या हातात असते."

बांधीत रोवणा झाला की
आमच्या घरची वाट सरळ राहत नाही.
धुऱ्याधुऱ्याने जाते, वळते, परत येते,
तेवढ्याच वावरात दुप्पट चालवते.
मी तांब्याची रेघ तशी चालवली.
पण शेजारच्या दोन ओळी फार जवळ आल्या
तर जाणारी येणारीचं बोलणं खोडते,
हे तिसऱ्या आकृतीनंतर कळलं.

मधल्या लहरीसाठी पोटात नालेएवढी खाच.
आखूडसाठी काठाला एक शेपूट, करंगळीच्या नखाइतकं.

संगणक रात्रभर गणित करत बसला.
ब्याऐंशी टक्क्यांवर लाईन गेली.
दुसऱ्या रात्री पुन्हा शून्यापासून.

श्रीखंडाच्या जुन्या डब्यात रसायन,
त्यात हिरवी पाटी हलवत बसले.
नको तेवढं तांबं विरघळलं,
हवं तेवढं उरलं,
आणि बोटं आठवडाभर
कात लावल्यासारखी.

प्रयोगशाळेत पडद्यावर तीन खड्डे आले.
गावच्या रस्त्यावर ज्यांना शिव्या देतो
ते इथे मागून घ्यावे लागतात,
मोजक्या जागी, जमतील तेवढे खोल.
तिन्ही जागच्या जागी होते.
मी सरांना चहा पाजला.

मग तो डबा मामा तलावाच्या तुडुमाजवळ
बांबूला बांधला, पाण्यावर एक वीत,
आणि तिन्ही खड्डे डावीकडे सरकले.
हवेत मोजलेलं
पाण्याच्या शेजारी खरं राहत नव्हतं.
बाबा बांबू धरायला पुढे आले
तर अजून सरकले.
"हात काढा नं बाबा."
"मी तं शिवलोबी नाही."
"न शिवताच कळते तिले."
त्यांनी हात मागे घेतला, हसले.
"मंग मासोळीच हाय हे."

शेवटच्या वळणाचं टोक
ब्लेडने खरवडलं.
अर्धा मिलिमीटर. पाहिलं.
अजून अर्धा.
चिखलात उकिडवी बसून, मोबाईलच्या उजेडात,
एकूण दोन.
लांब लहरीचा खड्डा जागेवर आला.
मधली तिच्यामागे आली.
आखूड मात्र अजून हट्टी,
हातभर अंतरावरूनच काय ते बोलते.

परीक्षेला नागपूरहून बाहेरचे सर आले.
वातानुकूलित खोली, कोरडं टेबल,
त्यांनी यंत्राला जोडलं:
खड्डे उजवीकडे.
"वलथरे, डिंपल ताराचंद. आकडे जुळत नाहीत."
मी म्हटलं, सर, ही इथे चुकीचीच आहे.
ही तलावावर बरोबर आहे.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
खिडकीबाहेर पाहिलं, तिथे पार्किंग होतं,
आणि पन्नासपैकी एकतीस लिहिले.

त्या रात्री पावणेदोनला मोबाईल थरथरला.
पातळी: दोन मीटर अकरा सेंटीमीटर.
मी आईला उठवलं. ती म्हणाली, झोप.

सकाळी बाबा तुडुमावरून आले,
धोतराचा सोगा ओला.
दगडावरची रेघ स्वतः पाहून आलेले.
"दोन मीटर दहा," म्हणाले,
"तुहा डबा एक सेंटीमीटर जास्तच सांगते."
आणि जाळ्याचा तुटलेला डोळा
दातात सूत धरून
गाठायला बसले.